पात्याचं वय, म्यानाचं वय

आमच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणारे एक मास्तर होते. कुणी त्यांच्या हातात तलवार दिली की ते आधी ती बाहेर काढत नसत. म्यानाच्या तोंडाशी नाक नेत, डोळे मिटून दोन-तीनदा खोल वास घेत आणि म्हणत, "दुंबा." कधी म्हणत, "बकरी." कधी जरा नाराजीनं, "एरंडेल."

दुंबा म्हणजे काबूलकडची जाड शेपटीची मेंढी. तिच्या चरबीनं मळलेलं कातडं पन्नास वर्षांनीसुद्धा तो वास सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एरंडेलाचा वास आला, तर तलवारीला इकडेच कुणीतरी नव्यानं नटवलेलं आहे असं समजायचं. मी पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला हसू आवरेना. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हसा. मग वास घ्या." मी वास घेतला. मला जुन्या जोड्याचा वास आला. तसं मी सांगितलं, तर ते खूश झाले. "बरोबर. जे आलं ते सांगितलंत," म्हणाले.

मी सोलापुरात नोकरीला लागलो ते एकोणीसशे तीसनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. बी. ए. झालो होतो, इतिहास शिकवत होतो, आणि कायम झालेलो नव्हतो. मास्तर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. अंगानं काटकुळे, स्वच्छ धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि पायात मात्र जाडजूड पेशावरी चपला. त्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापासून ऐकू येई आणि वर्ग आपोआप गप्प होई. शिक्षकांना ते नावानं हाक मारत नसत. "काय गणित, जेवलात का?" "संस्कृत, तुमची छत्री माझ्या वर्गात राहिलीय." मी अर्थात 'इतिहास' होतो. हेडमास्तर कोणताच विषय शिकवत नसल्यामुळे त्यांना मास्तर हाकच मारत नसत. समोर जाऊन उभे राहत.

ते जातीनं जीनगर. त्यांचे वडील घोडदळाच्या एका पलटणीत जिनं, लगाम, म्यानं शिवण्याच्या कामाला होते. पलटण जाईल तिकडे कुटुंब. त्यामुळे मास्तरांचं सगळं लहानपण कोहाट, पेशावर, क्वेट्टा असल्या गावांतल्या छावण्यांत गेलं. वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी कातडं शिवायला शिकून घेतलं, आणि दुरुस्तीला येणारी हत्यारं बघत बघत सतराव्या वर्षापर्यंत त्यांना पठाणी तलवारींची नजर आली. पुढं मुंबईला ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि सोलापूरची नोकरी धरली. मूल नव्हतं. बायको मी येण्याच्या आधीच वारली होती. शुक्रवार पेठेत एका विणकराच्या घरी माडीवर ते एकटे राहत. खाली चार हातमाग. दिवसभर खटखट चाले, आणि घरातली माणसं मागाच्या आवाजावरून तेलुगूत एकमेकांशी ओरडून बोलत. मी एकदा विचारलं, या गोंगाटात तुम्हाला वाचता कसं येतं? ते म्हणाले, "माग थांबला की मला कळतं, धागा तुटला. मग वाचता येत नाही."

त्यांच्याकडे हिंग विकणारे काबुली येत. मंगळवार पेठेच्या तोंडाशी एखादा काबुली दिसला की मास्तर त्याच्याशी भर रस्त्यात पश्तूत बोलायला उभे राहत आणि पोरं भोवती गोळा होत. त्या लोकांनी आणून दिलेला हिरवा चहा ते बिनदुधाचा, गालात खडीसाखर धरून पीत; तोही एप्रिलच्या उन्हात. मला एकदा दिला. मी तो नम्रपणे संपवला आणि नंतर कधी चहाच्या वेळी त्यांच्याकडे गेलो नाही.

वर्गात त्यांची एकच गोष्ट होती, तांब्या. इंग्रजी चौथीची मुलं वर्षभर तोच पितळी तांब्या काढत. "माहीत आहे ते काढू नकोस. दिसतंय ते काढ," एवढंच ते बाकांमधून फिरताना सांगत. तांब्याचं तोंड गोल असतं हे प्रत्येकाला माहीत, म्हणून प्रत्येकजण गोल काढी. आणि बाकावरून ते दिसतं चपटं. एकदा इन्स्पेक्टर आले. वह्या चाळून त्यांनी विचारलं, "वर्षभर एकच तांब्या का?" मास्तर म्हणाले, "त्यांना अजून दिसलेला नाही." इन्स्पेक्टरांनी काय शेरा लिहिला ते आम्हाला कळलं नाही, पण तांब्या बदलला नाही.

आता तलवारींचं सांगतो. निजामाच्या चाकरीत आलेले रोहिले आणि पठाण यांच्यामुळे आमच्या भागात अफगाण तलवारी बऱ्याच घरांत होत्या. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, म्हणून दसऱ्याआधी पंधरा दिवस लोक आपापल्या तलवारी मास्तरांकडे आणत. ते गंज काढून देत, म्यानाची शिवण उसवली असेल तर शिवून देत, आणि विचारलं तर वय सांगत. बहुतेकांना एकच ऐकायचं असे, की तलवार शिवकालातली आहे. मास्तर ती उलटसुलट करत आणि म्हणत, "तुमच्या आजोबांनी चांगली वस्तू घेतली होती." माणूस हिरमुसून जाई. त्यांच्याकडे स्वतःची एकही तलवार नव्हती. मुठींचे नि म्यानांचे, कागद वर ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलेले ठसे मात्र वह्याच्या वह्या भरून होते.

त्या वह्या दाखवत त्यांनी मला एकदा सगळं समजावलं. अफगाण तलवारीची मूठ ओळखायला सोपी. आडवी पट्टी असते तिची दोन्ही टोकं पात्याकडे वाकलेली, आणि मुठीच्या शेंड्याला वाटीसारखा फुगीर गोळा. ही मूठ दोनशे वर्षं फारशी बदलली नाही. त्यामुळे मुठीवरून वय सांगणारा फसतो. पातंसुद्धा फसवतं, कारण जुनं चांगलं पातं कुणी टाकून देत नाही. बापाचं पातं मुलगा वापरतो, नातू वापरतो.

"मग वय कशावरून?" मी विचारलं.

"म्यानावरून. म्यान झिजतं, कुजतं. दर पिढीला नवं लागतं. आणि नवं करणारा त्याच्या काळात जे बघतो तसं करतो." त्यांनी एक ठसा पुढं केला. "जुनं म्यान बघा. नुसतं लाकूड, वर कातडं, पट्ट्यात खोचायचं किंवा वादीनं अडकवायचं. नंतर इंग्रज तिकडे गेला. त्याच्या घोडेस्वाराच्या म्यानाला एका बाजूला दोन कड्या, आणि टोकाला धातूचा जाड बूट, जमिनीवर घासलं तरी म्यान फाटू नये म्हणून. पठाणानं इंग्रजाशी लढता लढता त्याचं म्यान बघितलं आणि आपलं तसं करून घेतलं. ज्याला मारायचं त्याचीच नक्कल. दोन कड्या आणि बूट दिसला, की पातं कितीही जुनं असो, म्यान इंग्रज तिकडे पोचल्यानंतरचं."

मी हे मन लावून ऐकलं होतं. पुढं जे झालं त्यात मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला राहिली नाही, ती यामुळे.

गावात एक वकील होते. मोहोळकडचं जमीनदार घराणं, वकिली उत्तम, बोलणं गोड, आणि आमच्या शाळेच्या कमिटीवर त्यांचा शब्द चाले. त्यांच्या घरी एक अफगाण तलवार होती. आमच्या पूर्वजांनी पानिपतावर एका पठाण सरदाराच्या हातून ती हिसकावून घेतली, असं ते सांगत. ती तलवार त्यांनी गावातल्या वाचनालयाला देणगी द्यायची ठरवली. काचेचं कपाट तयार झालं, समारंभाला पुण्याहून एक मोठे पाहुणे बोलावले. कपाटात तलवारीसोबत जाणकाराचा दाखला लावावा असं ठरलं, आणि वकीलसाहेब स्वतः तलवार घेऊन शाळेत आले.

ड्रॉइंगच्या वर्गात, तांब्या बाजूला सरकवून, मास्तरांनी ती टेबलावर ठेवली. मी तिथंच होतो. त्यांनी वास घेतला. "दुंबा," म्हणाले. मग म्यानावरून बोट फिरवत गेले. एका बाजूला पितळी पट्ट्यांत दोन कड्या होत्या. टोकाला पितळी बूट होता. तोंडाशी बसवलेल्या पट्टीला एक बारीक पेचाचा खिळा होता. त्यावर त्यांनी भिंग धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"हा यंत्रावर कापलेला पेच आहे," ते म्हणाले. "म्यान पन्नासेक वर्षांपूर्वीचं. इंग्रजांची काबूलची दुसरी लढाई झाली त्या सुमाराचं."

"आणि तलवार?"

"पात्याचं मला सांगता येत नाही. जुनं असेलही. मूठ पात्यावरून काढल्याशिवाय कळणार नाही, आणि ती मी काढणार नाही. तुटेल."

"मग पातं पानिपताचं असू शकतं."

"असू शकतं असं मी लिहून देईन. आहे असं नाही. आणि म्यानाचंही लिहीन."

वकीलसाहेब हसले. "मास्तर, दाखल्यात म्यान कशाला? लोक तलवार बघायला येणार."

"लोकांना दिसणार आहे म्यानच," मास्तर म्हणाले.

वकील गेले. दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. फराळाचं दिलं, माझ्या वडिलांची चौकशी केली, आणि म्हणाले, "जीनगराला चामडं कळतं, ते ठीक आहे. इतिहास तुमचा विषय. सही तुमच्यासारख्या बी. ए. माणसाची पाहिजे." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले की वर्षअखेरीला कमिटीपुढं माझं कायम होण्याचं प्रकरण येणार आहे, त्याची त्यांना आठवण आहे. दाखला त्यांनी लिहूनच ठेवला होता. 'ही तलवार पानिपतच्या रणसंग्रामातील असून अस्सल अफगाण बनावटीची आहे.' मी तो दोनदा वाचला. माझ्यासमोर दौत सरकवलेली होती. घरी आई होती, धाकटी बहीण होती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांची आठवण झाली नाही. एवढा मोठा माणूस आपल्याकडे काही मागतो आहे याचंच बरं वाटलं. मी सही केली.

समारंभ थाटात झाला. मास्तर आले नव्हते. ते तीन-चार दिवसांनी एकटेच वाचनालयात जाऊन आले असावेत, कारण त्यानंतरच्या सोमवारी व्हरांड्यात ते समोरून आले आणि त्यांनी मला पहिल्यांदाच माझ्या आडनावानं हाक मारली. आडनावाला 'राव' जोडून, अगदी आदरानं. "बरे आहात ना?" एवढं विचारलं आणि पुढं गेले. त्यानंतर शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'इतिहास' झालो नाही.

महिन्याभरात त्यांना हायस्कुलातून काढून प्राथमिक शाखेत पाठवलं. पहिली-दुसरीच्या मुलांकडून अक्षरं गिरवून घ्यायची. कारण काही सांगितलं नाही. विचारलं कुणी नाही. मास्तरांनी तांब्या पिशवीत घातला आणि गेले. पुढं कुणीतरी त्यांना विचारलं, करमतं का तिकडे? ते म्हणाले, "तिथली मुलं बरी आहेत. त्यांना अजून काही माहीत नाही."

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी शाळा सुटता सुटता एक म्हाताऱ्या बाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. साठीच्या आसपासच्या, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, अनवाणी पाय धुळीनं भरलेले. मला बघून उठल्या.

"तलवारीचं वय सांगनारं मास्तर हितंच असत्यात न्हवं?"

"आता इथं नसतात. तुम्ही कोण?"

त्यांनी वकीलसाहेबांचं नाव घेतलं. "मी त्येची आत्या. मोहोळास्नं आले. त्येला ठावं न्हाई मी हितं आलेलं."

मी त्यांना टांग्यात घालून शुक्रवार पेठेत नेलं. वाटेत मी टांगेवाल्याशीच बोलत राहिलो. काय ऐकायला मिळणार याची मला भीती वाटत होती. माडीचा जिना त्यांना बसत बसत चढावा लागला. मास्तरांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं. बाईंनी माग ऐकले, खोलीतल्या वह्या बघितल्या, आणि एकदम विषयालाच हात घातला.

"ती तलवार पानपतातली न्हाई, असं तुमीच म्हनलासा व्हय?"

"म्यान तिथलं नाही, असं म्हणालो."

"न्हाईच. माझ्या चुलत्यानं आनली ती. गणू त्येचं नाव."

मग त्यांनी सांगितलं. गणू हा त्यांच्या वडिलांचा धाकटा भाऊ. घरात भांडून बाहेर पडला आणि सरकारी फौजेच्या सामानाची खेचरं हाकायला लागला. फौज काबूलकडे गेली, तिच्याबरोबर हाही गेला. तीन वर्षांनी परत आला तो डाव्या पायाची तीन बोटं बर्फात गमावून, आणि खांद्याला ही तलवार लावून.

"घरात घेतला न्हाई त्येला," बाई म्हणाल्या. "पठानाच्या हातचं खाल्लं म्हनला आपनहून. लपवलं न्हाई. मग काय, गोठ्यात ऱ्हायला. आठ वर्सं ऱ्हायला. मी भाकरी न्यायची. मी लई बारकी हुते. तिकडचं सांगायचा मला. डोंगर पांढरं असत्यात म्हनायचा, मीठ सांडल्यागत."

"तलवार त्यांना कुठं मिळाली?" मास्तरांनी विचारलं.

"कवा म्हनायचा इकत घेतली. कवा म्हनायचा, एक पठान वाटंला पडला हुता, त्येला पानी पाजलं, त्येनं दिली. दोन्ही सांगायचा."

मास्तर थोडे पुढं सरकले. "दोन्ही?"

"व्हय. मी इचारलं की, खरं कुठलं. तर हसायचा."

गणू वारला तेव्हा वडिलांनी तलवार घरात आणून भिंतीला लावली. पुढं बाईंना बघायला पाहुणे आले. मोठं घर होतं. त्यांच्यातल्या एकानं भिंतीकडे बघून विचारलं, ही तलवार कुठली? आता गोठ्यात मेलेल्या भावाचं नाव सोयरिकीच्या बैठकीत कसं घ्यायचं? वडिलांच्या तोंडून निघून गेलं, पानिपतची. पाहुण्यांच्या माना डोलल्या. लग्न ठरलं.

"माझ्या लग्नापायी पानपत झालं," बाई म्हणाल्या. "मी आतल्या खोलीत हुते. ऐकलं. गप बसले. चाळीस वर्सं गप बसलेय. आता त्येला काचंच्या कपाटात घातलंय. लोकं हात जोडत्यात म्हनं. हात जोडू द्या की. पर माझ्या चुलत्याला. मी मेल्यावर सांगनारं कोन ऱ्हायलं न्हाई."

खाली कुठंतरी माग थांबला होता. मास्तरांनी दौत-टाक काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "तुमचं अक्षर चांगलं आहे," म्हणाले. "बाई सांगतील तसं लिहा. त्यांच्याच शब्दांत. सुधारू नका."

मी लिहीत गेलो. दोन महिन्यांपूर्वी ज्या हातानं सही केली त्याच हातानं. 'पठानाच्या हातचं खाल्लं' या वाक्याशी मी जरा थबकलो, तर बाई म्हणाल्या, "लिवा की. त्येनं लपवलं न्हाई, आपुन कशाला?" शेवटी त्यांनी अंगठा उमटवला. मास्तरांनी मला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं. दाखल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. बाईंनाही सांगितलं नाही, की हाच तो माणूस. मीच सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तरना हायेस." रागानं म्हणाल्या की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाच्या चिटणीसांना पत्र लिहिलं, की मी दिलेला दाखला चुकीचा असून तो मागे घेतो, आणि बाईंनी सांगितलेलं सोबत जोडलं. ते आधी मास्तरांना दाखवायला नेलं. खोटं कशाला बोलू, मनातून मला वाटत होतं की ते पाठीवर हात ठेवतील. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'तलवार पन्नास वर्षांपूर्वीची आहे.' हे तुम्ही कशावरून लिहिलंत?"

"तुम्हीच म्हणालात."

"म्यान म्हणालो. पात्याचं मला माहीत नाही म्हणालो. ते खरोखरच पानिपताच्या काळचं असलं तर? आधी वकिलांच्या बाजूनं चुकलात, आता बाईंच्या बाजूनं चुकताय." त्यांनी कागद परत दिला. "पुन्हा लिहा."

मी पुन्हा लिहिलं.

पत्र पोचल्यावर वकीलसाहेबांनी बोलावलं. या खेपेला फराळ नव्हता. ते खिडकीशी उभे होते.

"आत्या बोलली ना?"

"हो."

त्यांनी खिडकीचं एक दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. गणू आजोबांना मी बघितलेलं नाही, पण त्यांच्या बोटं नसलेल्या पायाच्या मापाचा एक जोडा माळ्यावर होता. लहानपणी आम्ही तो घालून लंगडायचा खेळ खेळायचो. वडिलांनी एकदा बघितलं आणि जोडा जाळला." ते माझ्याकडे वळले. "पण मला सांगा, खेचरं हाकणाऱ्याची तलवार बघायला पुण्याहून कोण येणार होतं?"

मग ते म्हणाले, दाखला काढून घेतो, पानिपतही काढतो, पण घरची गोष्ट कपाटात लावणार नाही. कायम होण्याचा विषय त्यांनी काढला नाही. तो कमिटीपुढंही कधी निघाला नाही. पुढच्या जूनमध्ये मी बार्शीच्या शाळेत गेलो.

जाण्याआधी, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, आत्याबाई पुन्हा सोलापूरला आल्या. मास्तर आणि मी त्यांना वाचनालयात घेऊन गेलो. दुपारची वेळ, टेबलांशी दोघं-तिघं वर्तमानपत्र वाचत बसलेले. बाई काचेसमोर उभ्या राहिल्या. तलवारीकडे त्यांनी फार बघितलं नाही. शेजारच्या कार्डाकडे बघत होत्या. त्यावर 'जुनी अफगाण तलवार' एवढे तीन शब्द होते.

"नाव लिवलंय का त्येचं?" त्यांनी विचारलं.

मी मास्तरांकडे बघितलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"पानपत काढलं?"

"काढलं."

बाईंनी मान हलवली आणि पदरानं काचेवरची धूळ पुसली. बास झालं, निघू, असं त्या म्हणतील असं मला वाटलं. मास्तर मात्र हलेनात. वाचनालयाचा कारकून त्यांच्या हाताखाली शिकलेला होता. त्याच्याकडे जाऊन त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. तो घुटमळला. मास्तर त्याच्यासमोर नुसते उभे राहिले. त्यानं किल्ली दिली.

कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, टाक बुडवला, आणि त्या तीन शब्दांखाली आपल्या सरळ, टोकदार अक्षरात लिहू लागले. लिहिता लिहिता बाईंना ऐकू जाईल असं वाचत होते. "म्यान सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचे. पात्याचे वय माहीत नाही. फौजेतील खेचरवाले गणू यांनी काबूलच्या मोहिमेतून आणली, असे त्यांच्या पुतणीचे सांगणे."

तिथं ते थांबले. "तुमचं नाव काय?"

बाई गोंधळल्या. "माजं कशाला? माजं नगं."

"तलवार हे सांगत नाही. तुम्ही सांगताय. सांगणारं माणूस कोण, ते लिहावं लागतं."

बाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या होत्या. मी इतके दिवस त्यांना ओळखत होतो, कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता, त्याशेजारी वकीलसाहेबांची आत्या असं लिहिलं होतं, आणि नाव मला माहीत नव्हतं.

"सारजा," त्या म्हणाल्या.

"सारजाबाई," मास्तरांनी टाक टेकवला.

"न्हाई, बाई नगं," त्या म्हणाल्या. "त्यो सारजाच म्हनायचा."

मास्तरांनी तसंच लिहिलं.